नववा तुकडा बाकी आहे

३ मार्च, शनिवार. सकाळी सव्वासहा.

आजपासून रोजनिशी. थर्मासच्या कारखान्यात बत्तीस वर्षं पॅकिंग विभागाचा उपप्रमुख होतो, रोज अहवाल लिहायची सवय होती. निवृत्तीनंतर ती सुटली आणि माणूस ढिला पडला. आता पुरे.

उद्दिष्टं दोन. एक, पांग मास्तरांकडून 'धुक्यातली हाक' पूर्ण उतरवून घेणे. दोन, शहराच्या यादीत 'वारसा-कलावंत' म्हणून नाव लागणे. यादीत आलेल्याला दारावर लावायला पितळी पाटी मिळते. जागा मोजून ठेवली आहे, लेटरबॉक्सच्या जरा वर.

गूछिन या तंतुवाद्यावरची ही चीज आज अख्ख्या छांगशू शहरात एकट्या पांग मास्तरांना येते. वय शहाऐंशी. चिजेचे तुकडे नऊ. आठ माझ्या हातात पक्के बसलेत. छाइयुन म्हणते साडेसहा. ती माझी बायको आहे, परीक्षक नव्हे. राहिला नववा. जास्तीत जास्त महिन्याचं काम.

१० मार्च, शनिवार.

अर्जात 'कलेचा इतिहास' असा रकाना आहे. लिहून काढला. गूछिन, आम्ही नुसतं छिन म्हणतो, हे तीन हजार वर्षांपूर्वीपासूनचं वाद्य, तारा सात. पडदे नाहीत, फळीवर शिंपल्याचे तेरा ठिपके. उजव्या हाताच्या नखांनी छेडायचं, डाव्या बोटांनी तार दाबून सरकवायची, आणि अर्धं गाणं त्या सरकण्यात. आवाज इतका बारीक की भिंतीपलीकडे जात नाही. (खालचे लोक तरी तक्रार करतात.) कागदावरच्या खुणांवरून कुठली तार, कुठलं बोट, कुठला ठिपका हे सगळं कळतं. किती वेळ धरायचं हे मात्र लिहिलेलं नसतं, ते गुरूच्या समोर बसूनच घ्यावं लागतं. हे शेवटचं वाक्य फारच उत्तम जमलंय. खाली रेघ मारली.

मास्तरांची गोष्टही घातली. ती क्रांतीची वाईट वर्षं होती, दंडाला लाल पट्टीवाले घरोघर घुसून जुन्या वस्तू फोडत होते. मास्तरांनी तारा काढून परसातल्या वालाच्या वेलाला बांधल्या आणि छिन लोणच्याच्या बरणीखाली फळी म्हणून घातली. दहा वर्षं. बरणीचा गोल डाग अजून दिसतो. त्या काळात मास्तर पलंगाच्या कडेवर बोटं सरकवून रियाज करायचे, तोंडाने बारीक गुणगुणत. कोणी ऐकलंच तर त्यांची बायको सांगायची, यांना पोटशूळ आहे हो, कण्हतायत बिचारे. शहराच्या यादीच्या कचेरीतल्या बाईंना ही गोष्ट वाचून दाखवली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. माझेही जवळपास.

२४ मार्च, शनिवार.

मास्तरांचा फोन. म्हणाले, वेंग, नववा घेऊन जा. म्हटलं, मास्तर, छिन ठेवायचं टेबल तयार होतंय, सुतार लोंगने एक पाय आखूड कापलाय, तो दुरुस्त झाला की येतोच. मास्तर म्हणाले, मी काही लोणचं नाही रे, ठेवल्याने मुरायला.

विनोदी स्वभाव आहे. शिवाय काल माझं उजव्या अंगठ्याचं नख तुटलं, डबा उघडताना. नख यायला तीन आठवडे लागतात. नखाशिवाय जाणं म्हणजे गुरूचा अपमान.

५ एप्रिल, गुरुवार.

छिंगमिंग, पितरांचा सण. यू टेकडीवर वडिलांची कबर झाडली, कागद जाळले. येताना मास्तरांकडे डोकावलो. पाच मिनिटंच, कारण खाली बस उभी होती. त्यांनी पेन्सिलीने लिहिलेला एक कागद दिला. नववा तुकडा. एकूण एक्केचाळीस खुणा. म्हणाले, कागद घे, पण कागदाच्या भरवशावर राहू नकोस. पुढच्या गुरुवारी ये, समोर बस, एका दुपारचं काम आहे.

घरी येऊन सुवाच्य अक्षरात नक्कल केली. मास्तरांचा हात हल्ली थरथरतो, खुणांच्या मध्ये जागोजागी बारीक डाग पडलेत. ते अर्थातच गाळले. मूळ कागद छाइयुनने तांदळाच्या डब्याच्या तळाशी अंथरला. ठीक आहे, माझी नक्कल जास्त स्वच्छ आहे.

१२ एप्रिल, गुरुवार.

शिंपी मियाओकडे लांब झग्याचं माप. राखाडी, उभी कॉलर. अर्जाला फोटो लागतो आणि फोटोत स्वेटर शोभत नाही. तिथून फोटो स्टुडिओ. हनुवटी थोडी वर, असं फोटोवाला सांगत होता, मी म्हटलं माझी मुळातच वर आहे.

छाइयुन म्हणाली, मास्तरांचे तीन फोन येऊन गेले. दोन छिन समोरासमोर मांडून ठेवल्यात म्हणे सकाळपासून. चहासुद्धा झाकून ठेवलाय. अहो, म्हातारा माणूस, दारात बसून असेल तो.

पुढच्या गुरुवारी नक्की. ठळक अक्षरात लिहितो. नक्की.

१७ एप्रिल, मंगळवार.

मास्तरांना झटका आला. उजवी बाजू गेली. वाचा गेली. दवाखान्यात आहेत.

गुरुवार दोनच दिवसांवर होता. माझी काही चूक आहे असं मला वाटत नाही.

६ मे, रविवार.

मास्तरांना घरी आणलं. मुलगी रुई कॅनडात असते, ती आठ दिवसांसाठी आली, एजन्सीमार्फत एक मावशी ठेवली आणि परत गेली. मावशी आन्ह्वेई प्रांतातली, पन्नाशीची, रुंद हाताची. बोली अशी की दर तिसरा शब्द पुन्हा विचारावा लागतो. मी लोकाटची फळं घेऊन गेलो होतो. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं, आवाज आला पण शब्द नाही. बघवेना. लवकर निघालो.

नवा बेत. नववा तुकडा मी स्वतः बसवणार. कागदावरून जुनी चीज उभी करणं याला आमच्या विद्येत फार मान आहे. लोक वर्षानुवर्षं घालवतात. मला पावसाळ्यापर्यंत पुरे.

चिजेची कथा सोपी आहे. नदीकाठी धुकं, एक माणूस पलीकडच्या नावाड्याला हाका मारतो. नवव्या तुकड्यात काय होतं? माझ्या मते नावाडी येतो. थाटात येतो. नाहीतर नववा तुकडा हवाच कशाला?

२८ मे, सोमवार.

बसला! एक्केचाळीस खुणा अठ्ठावीस सेकंदांत, शेवटी माझ्या पदरचा सातही तारांवरून झर्रकन हात. संध्याकाळी पाचला मास्तरांना ऐकवला. परिणाम जबरदस्त. मास्तर डाव्या हाताने पलंगाच्या दांडीवर धाडधाड मारायला लागले. डोळ्यांतून पाणी. अकरा वर्षांत त्यांनी मला अशी दाद दिली नव्हती.

मावशी मध्येच म्हणाली, साहेब, ते नको म्हणतायत. मी म्हटलं, मावशी, तुम्ही त्यांचं अंग पुसा, त्यांच्या मनातलं मला कळतं.

छाइयुनला हे सांगितलं तर ती भाजी निवडायला लागली.

१८ जून, सोमवार.

नौकांचा सण. बांबूच्या पानातले भाताचे मोदक घेऊन मास्तरांकडे. प्रकृती बिघडते आहे. सारखे कण्हतात. खालून वर जाणारं लांब कण्हणं, मग थांबतात, मग पुन्हा. त्याच वेळी डाव्या हाताची बोटं दांडीवर घासत असतात. वेदना असह्य असणार. पाच मिनिटं ऐकलं, माझ्याने ऐकवेना.

मावशीला विचारलं, हे कधीपासून? म्हणाली, रोजचं आहे. पण साहेब, दुखत नसतं त्यांना. दुखतं तेव्हा ते दात आवळतात. हे आंघोळ झाली, ऊन अंगावर आलं, बरं वाटलं की करतात. मी कपडे वाळत घालते, ते करत बसतात. मी गेले की थांबतात, आले की परत सुरू करतात.

म्हटलं, बाई, मी माझ्या वडिलांचं शेवटचं दुखणं काढलंय, कण्हणं मला शिकवू नका. तिथूनच रुईला फोन लावला. रुई घाबरली, बिचारी इतक्या लांब. डॉक्टरांशी बोलली. दुपारी गोळी लिहून मिळाली, दिवसातून दोनदा. मावशी म्हणाली, गोळीने नुसते झोपून राहतील. मी उपप्रमुखाचा आवाज काढला, तेव्हा पाणी आणायला गेली.

आज मास्तरांसाठी काहीतरी ठोस केल्याचं समाधान आहे.

९ जुलै, सोमवार.

घर कसं शांत. मास्तर झोपलेले असतात. कण्हणं बंद.

आज कचेरीसाठी व्हिडिओ केला. मी राखाडी झग्यात, पुढे मास्तरांची डाग पडलेली छिन, मागे पलंगावर मास्तर. संपूर्ण चीज, सव्वीस मिनिटं, एकदाच चुकलो आणि ते कोणाला कळणार नाही. मास्तर डोळे मिटून होते. कचेरीतल्या बाईंना व्हिडिओ आवडला. म्हणाल्या, गुरू कसे तल्लीन झालेत.

छाइयुनने व्हिडिओ बघितला. विचारलं, त्यांच्या ओठाला लाळ आली होती, ती कोणी पुसली नाही का? म्हटलं, मावशीला मीच बाहेर उभं केलं होतं, फ्रेममध्ये येत होती.

२३ जुलै, सोमवार.

उकाडा. बोटांना घाम, तार सरकत नाही. रियाजाला सुट्टी, पण विचार चालू आहे. उद्यापासून पहाटे पाचला उठणार.

२४ जुलै, मंगळवार. सकाळी साडेआठ.

उद्यापासून.

७ ऑगस्ट, मंगळवार.

पांग मास्तर गेले. सकाळी दहाला. पंचांगात आजपासून शरद सुरू.

मी पोचलो तेव्हा मावशीने त्यांना आंघोळ घालून, केस विंचरून ठेवलं होतं. डाव्या हाताची बोटं वाकलेली राहिली होती, ती काही केल्या सरळ होईनात. मावशी म्हणाली, राहू द्या साहेब, त्यांना तशीच सवय होती.

रडू आलं. खोटं कशाला लिहू? मी एकोणीस वर्षांचा असताना वडील गेले, त्यानंतर मला 'अरे, जेवलास का' असं विचारणारा हा एकच पुरुष होता. दारात उभा राहून विचारायचा. उत्तर ऐकायच्या आत भांडं विस्तवावर चढवायचा.

३० ऑगस्ट, गुरुवार.

पाटी आली. 'वेंग देचांग, वारसा-कलावंत. "धुक्यातली हाक"चे एकमेव जाणकार.' जागा मोजताना माझी चूक झाली होती, त्यामुळे लेटरबॉक्स चार बोटं खाली घ्यावा लागला. सुतार लोंगने तोही तिरका लावला.

छाइयुन पाटी पुसता पुसता म्हणाली, एकमेव कसे? मग म्हणाली, हो, आता एकमेवच. तिच्या बोलण्यात काय होतं ते मला नीट कळलं नाही.

२४ सप्टेंबर, सोमवार. दुपारी साडेचार.

मास्तरांचा एकोणपन्नासावा दिवस, शेवटचे विधी. आणि नेमकी आजच शरदातली पौर्णिमा, त्यामुळे अर्धे लोक हातात चंद्राच्या मिठाईचे खोके घेऊनच आले. रुई आली होती. घर रिकामं करायला काढलंय. मावशीला कामावरून काढून महिना झाला, पण आज स्वयंपाकाला एका दिवसासाठी बोलावलं होतं.

मास्तरांच्या फोटोसमोर मी सगळी चीज वाजवली. त्यांच्याच छिनवर. शेवटी सात तारांवरून झर्रकन हात, आणि उठलो. कचेरीतल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या, मग आजूबाजूला बघून थांबल्या. एकंदरीत कार्यक्रम यशस्वी.

बसने परत आलो. घर आल्यावर छाइयुन म्हणाली, आत बदक आणि अळकुड्या शिजत होत्या, मी नि मावशी अळकुड्या सोलत होतो. तुमचं वाजवणं संपलं तशी मावशीने विचारलं, साहेबांनी शेवट का बदलला? मी म्हटलं, म्हणजे? तर म्हणाली, शेवट असा नाही. बाबा रोज म्हणायचे ना तो, मला पाठ झालाय. माझ्याकडे बघून म्हणायचे, मी चुकले की दांडीवर मारायचे, बरोबर आलं की हसायचे अर्ध्या तोंडाने. मधे साहेब म्हणाले कण्हतायत, मग गोळी द्यावी लागली. पण शेवटचे पंधरा दिवस मी गोळी दिलीच नाही, कचऱ्यात टाकली. देवाघरी जायच्या आदल्या दिवशी दोनदा म्हणून घेतला माझ्याकडून. असं म्हणून तिने मला म्हणून दाखवला, हातात सुरी, हात चिकट.

मी म्हटलं, मोलकरीण बाई, तिला काय कळतंय. आणि औषध टाकून देणं हा गुन्हा आहे, एजन्सीला कळवलं पाहिजे.

२५ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी अकरा.

छाइयुनला सहज म्हटलं, काय म्हणत होती ती, म्हण बघू. छाइयुनला सूर धरता येत नाही. तरी म्हणाली. सुरुवातीचं थोडंसंच आठवत होतं तिला.

माझी नक्कल काढली. जुळेना. माझ्या नकलेत दम घ्यायला जागाच नाही. मग तांदळाचा डबा ओट्यावर उपडा केला. मूळ कागद निघाला, कडेला किडे लागलेला. छाइयुनला पुन्हा म्हणायला लावलं. पहिली खूण. दुसरी. तिसरी, मग डाग, आणि छाइयुन थांबली. चौथी, पाचवी, डाग, आणि ती थांबली.

डाग नाहीत ते. 'थोडं थांब' अशी ती खूण आहे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही येते. मास्तरांनी बारीक काढली होती, हात थरथरत असून एकेक नीट काढली होती. हाक मारायची, थांबायचं, कान द्यायचा. पुन्हा हाक मारायची. मी सगळ्या गाळल्या.

अकरा खुणा जुळल्या. पुढच्या तीस छाइयुनला आठवत नाहीत. नावाडी येतो की नाही, ते त्या तिसांत आहे.

मास्तर कण्हत नव्हते.

तोच दिवस. दुपारी दोन.

मार्चमधली नोंद वाचली. पलंगाची कडा, बारीक गुणगुणणं, पोटशूळ. माझं अक्षर. शेजारी समासात 'हृदयस्पर्शी' असंही लिहिलंय.

दहा वर्षं लाल पट्टीवाल्यांना जे कळलं नाही ते त्यांनी मला उघड उघड, ऊन अंगावर घेऊन सांगितलं. आणि मी गोळी आणवली.

२६ सप्टेंबर, बुधवार. सकाळी नऊ.

मास्तरांच्या घराला कुलूप. रुईला फोन. ती विमानतळावर होती. म्हटलं, मावशीचा नंबर दे. म्हणाली, काका, तो फोन घरातलाच होता, परवा परत घेऊन बंद केला. म्हटलं, मग नाव सांग, मी शोधतो. तिने फोनमध्ये शोधलं. मग म्हणाली, माझ्याकडे 'बाबांची मावशी' एवढंच लिहिलंय.

तोच दिवस. साडेदहा.

एजन्सी. काउंटरवरची मुलगी म्हणाली, कुठली मावशी? म्हटलं, पांग मास्तरांकडे होती ती, आन्ह्वेईची. म्हणाली, आजोबा, संपलेल्या कामांचे कागद आम्ही ठेवत नाही, आणि आमच्याकडे आन्ह्वेईच्या साठ आहेत. वर्णन काय? म्हटलं, पन्नाशीची, रुंद हाताची. तिने शेजारणीकडे बघितलं. शेजारीण म्हणाली, सगळ्यांचेच हात रुंद असतात हो, दिवसभर धुणं पिळून. मग तिलाच दया आली. म्हणाली, सणानंतर बऱ्याच जणी गावी चालल्यात, दोनची गाडी आहे दक्षिण स्टँडवरून, बघा भेटली तर.

घरी फोन करून छाइयुनवर ओरडलो, नाव कसं विचारलं नाहीस? ती शांतपणे म्हणाली, मी तिला एकदा भेटले. तुम्ही तीन महिने जात होतात.

तोच दिवस. संध्याकाळी सहा.

दीडला स्टँडवर पोचलो. आन्ह्वेईच्या फलाटावर गर्दी. पिशव्या, रजया, प्लास्टिकच्या बादल्या, सगळ्या त्याच वयाच्या बायका, सगळ्यांची पाठ माझ्याकडे. चेहरा डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. हात आठवत होते. चेहरा पक्का आठवेना, कारण ती बोलायची तेव्हा मी मास्तरांकडे किंवा घड्याळाकडे बघत असायचो.

शेवटी मोठ्याने हाक मारली, मावशी!

अकरा जणी वळल्या.

थांबलो. पुन्हा हाक मारली. या वेळी आणखी वळल्या. एकेकीच्या तोंडाकडे बघत गेलो. कोणी हसल्या, कोणी पिशवी जवळ ओढली. एक जण पुढे आली, म्हणाली, कोण हवंय काका? रडताय कशाला, नाव सांगा, तिकडे माइक आहे, मी पुकारायला लावते. माइकवाला माणूसही माझ्याकडे बघत होता, बटणावर बोट ठेवून. गाडी सुरू झाली तरी तो तसाच थांबला होता.

घरी आलो. छाइयुनने नूडल्स वाढल्या, तशाच राहिल्या. ही वही काढून पहिल्या पानापासून वाचली. सुतार लोंगचं नाव आहे, दोन वेळा. शिंपी मियाओचं आहे. माझं स्वतःचं पाटीसकट आहे.

त्यांचं नाही.